एकक

हत्तुरे साहेब जेवायला गेले तेव्हा
मी नकाशावर टाकीचा ठिपका धरला
आणि परिघाच्या चौकटीत लिहिलं: पाचशे.
टाकीपासून पाचशेच्या आतली घरं
पहिल्या टप्प्यात घ्यायची, असा कागद आला होता.
पाचशे काय, ते कागदात नव्हतं.
लिहावंसं कुणाला वाटलंच नसेल.

पडदा थोडा वेळ थिजला,
मग सगळाच पिवळा.
कुंभारी गेली, होटगी गेली,
विजापूर, हैदराबाद, दोन्हीकडचे समुद्र,
आख्खी पृथ्वी आमच्या टाकीच्या परिघात.
उत्तर ध्रुवालाही नळजोड मंजूर!
मी एकटीच हसले.
मेहजबीननं डबा झाकत विचारलं, काय गं?

थराच्या नावावर उजवं बटण. गुणधर्म.
बारीक अक्षरांचा मजकूर, कंसात कंस,
कुणाच्या तरी वंशावळीसारखा:
कुठला लंबगोल, कुठलं मूळ रेखावृत्त,
आणि पार तळाला, जिथवर कुणी वाचत जात नाही,
एकक: अंश.

अस्सं.
पृथ्वीच्या पोटात बसून कुणी मोजलेला कोन.
सोलापुरातून एक अंश पूर्वेला जावं
तर एकशे सहा किलोमीटर,
उत्तरेला जावं तर एकशे दहाच्याही वर.
पहिल्या धुण्यात चादर आडवी आखडते
तसला हा गज.
यानं मी घरं मोजायला निघाले होते.

आईचं एकक विड्या.
बाजार किती लांब? जाऊन येऊन शंभर.
दवाखाना दीडशे, रांग असली तर तीनशे.
माझ्या दहावीच्या निकालाला शाळेत आली होती,
त्या दिवसाचे साडेचारशे कमी भरले,
ते तिनं अजून सांगितलेलं आहे.
हजार झाले की दिवस मावळतो,
मग बाहेर उजेड असो नसो.

मी थर बदलून घेतला:
त्रेचाळिसावा पट्टा, उत्तर. एकक: मीटर.
टाकी पाच लाख शहाण्णव हजारांवर जाऊन बसली.
त्यातले पाच लाख खोटे.
पट्ट्याच्या मधल्या रेषेला ते आधीच देऊन ठेवतात,
म्हणजे पश्चिमेला राहणाऱ्या कुणावर
उणे व्हायची पाळी येत नाही.
हे ज्याला सुचलं
त्याच्या घरी बहुतेक भावंडं पुष्कळ असावीत.

पुन्हा पाचशे.
पृथ्वी निमूट आवरली,
कडक भाकरीएवढं वर्तुळ उरलं.
त्याच्या काठाशी आमची गल्ली.
यादगिरी मामाचं घर आत,
लक्षम्माचं निम्मं आत, म्हणजे आत.
आमच्या दाराशी आकडा थांबला:
पाचशे अकरा.

मघाची पृथ्वी आठवली.
तिच्यात आम्हीपण होतो.

पाचशे पंधरा लिहिलं असतं
तर साहेबांनी चष्मासुद्धा लावला नसता.
बोट त्या कळीवर होतं, खरं सांगते,
पंधराचा एक दाबलाही होता.
मग साहेबांची चप्पल जिन्यात वाजली,
की त्याआधीच मी तो खोडला,
आता नीट सांगता येत नाही.
यादी छापली. दोनशे सदतीस घरं.
तळाला, कुणी मागितलं नव्हतं तरी,
पेनानं लिहिलं: मीटर.

संध्याकाळी आईला सांगितलं,
आपण राहिलो. अकरानं.
ती पत्र्याचं माप पानावर ठेवून
कातरत होती.
एंत?
अकरा.
कात्री थांबली.
अकरा काय? तिनं विचारलं,
आणि मान वर करून
उत्तराची वाट बघत बसली.